पाव किलोची कापशी

औशाहून तुळजापूरकडे निघालं की सोयाबीनच्या रानांवरून जाणाऱ्या विजेच्या तारेवर कापशी घार हमखास दिसते. पोट पांढरंशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. वजन पाव किलोच्या आसपास. तिच्याहून सहा-सातपट भारी सापमार गरुड बालाघाटाच्या माळावर भेटतो. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ सहा फूट!

एवढी तफावत, पण शिकारीची रीत एकच. दोघंही हवेत एका जागी थांबतात. कापशी पंख फडफडवत, मान खाली घालून रान न्याहाळते आणि उंदीर दिसला की पंख वर उंचावून जिना उतरल्यासारखी टप्प्याटप्प्याने खाली येते. गरुडाला देह सांभाळायचा असतो. तो डोंगराच्या कडेला वाऱ्यावर तोंड करून तरंगतो. वारा पडला की मात्र त्यालाही पंख हाणावे लागतात.

पुराणातला गरुड नागांचा वैरी, हा तर सापांवरच जगतो. विष त्याला बाधत नाही असं लोक सांगतात, ते खरं नाही. त्याला वाचवतात पायांवरचे जाड खवले आणि चपळाई. पिल्लासाठी तो साप गिळून आणतो, शेपटी तेवढी चोचीबाहेर लोंबत ठेवतो. पिल्लू ती धरून अख्खा साप त्याच्या घशातून ओढून काढतं! पिल्लूही एकच, कारण अंडंच एक. कापशी तीन-चार अंडी घालते आणि उंदीर माजले की पुन्हा वीण काढते.

आमच्या आबांना दोन्ही घारीच. गरुड साप खातो म्हटल्यावर आधी खूश झाले, मग कपाळाला आठी.
“धामणबी खातो का?”
“खातो की.”
“मग उंदरं कोन खाणार? ह्यो कामाचा नाही. ती बारकीच बरी.”

माझं मत गरुडाच्या बाजूनं, पण रान आबांचं. यंदा हरभऱ्यात पक्षीथांबे रोवताना त्यांनी कापशीसाठी दोन काठ्या मुद्दाम उंच रोवल्या. त्या कोतवालानं बळकावल्यात. जेमतेम पन्नास ग्रॅमचा पक्षी. कापशीला टेकू देत नाही आणि गरुड वरून गेला तर पाठीवर टोचा मारत त्याला शिवेपार घालवून येतो.