ट्रेल-बी: ९४ वरून ७१, आणि आनंदावर विरजण

ट्रेल-बी म्हणजे कागदावर विखुरलेले अंक आणि अक्षरे १-क-२-ख अशी आलटून पालटून रेषेने जोडण्याची चाचणी. तिची माझी वेळ ९४ सेकंदांवरून ७१ वर आल्याचे सारे श्रेय मागच्या नोंदीत मी रंकाळ्याभोवतीच्या आठ आठवड्यांच्या चालण्याला दिले होते. ते आज मागे घ्यावे लागत आहे, कारण त्याच काळात फिरायला एकदाही न आलेल्या आमच्या सौभाग्यवती ९८ वरून ७४ वर आल्या आहेत. हाताचा वेग बाजूला काढण्यासाठी बीमधून ए, म्हणजे नुसते अंक जोडण्याची वेळ, वजा केले, तर माझा फरक ५४ वरून ३८ आणि त्यांचा ५५ वरून ३९ निघाला. म्हणजे दोघांचीही सुधारणा नेमकी १६ सेकंदांची. दर रविवारी तोच कागद समोर ठेवल्यामुळे आम्हांला वाट पाठ झाली होती, आणि अंकावरून अक्षरावर लक्ष वळवण्याची क्षमता मोजायची सोडून मी पाठांतर मोजत बसलो होतो.

म्हणून नाण्याभोवती वर्तुळे आखून चार नवे कागद केले. ङ आणि ञ या वेळीही वगळले, कारण तिथे बहुतेक जण वर्णमालेतच अडखळतात. शिवाय ते गाळल्यावर क ते ढ बरोबर १२ अक्षरे होतात आणि १३ अंकांशी जोडी जमते. स्ट्रूपचा तक्ता (रंगाचे नाव वेगळ्याच रंगात लिहिलेले असते आणि शब्द न वाचता रंग सांगायचा, ती दुसरी चाचणी) मात्र यापुढे स्केचपेननेच रंगवीन, कारण छपाईच्या दुकानात पिवळा रंग नारिंगी उतरला.

नव्या कागदावर मी ८५, त्या ९३. मूळचा ४ सेकंदांचा फरक वजा जाता माझी कमाई ४ सेकंदांची, आणि तीही मला गोड लागली. पण लिहिता लिहिता आठवले, की मी रंकाळ्यावरून गंगावेशीत दूध पिऊन थेट चाचणीला बसलो होतो, आणि एकाच वेळच्या व्यायामानेही अशी कामगिरी काही काळ किंचित सुधारते. तेव्हा चाचणी आता संध्याकाळी.

दुसरे असे, की चालण्याने अशी क्षमता सुधारते का हे पाहणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ आर्थर क्रेमर यांच्या १९९९च्या अभ्यासात ६० ते ७५ वयाच्या १२४ जणांपैकी काहींना सहा महिने चालायला लावले होते, तर उरलेल्यांना अंग ताणण्याचे व्यायाम दिले होते. कोणालाही नुसते बसवून ठेवले नव्हते. माझे आठ आठवडे त्यापुढे फारच थोडे. सौभाग्यवती ताणाच्या व्यायामाला तयार आहेत, मात्र सहा महिन्यांनंतर त्या रंकाळ्यावर जाणार आणि चटईवर मी, अशी त्यांची अट आहे.