पाचगणीच्या नऊ पट्ट्या

मुलींच्या वसतिगृहात जेवणघराबाहेर एक सूचनाफलक आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात गेल्या पावसाळ्यापासून माझी चित्रांची पट्टी लागते. पाव ड्रॉईंग शीट, चार चौकटी, काळी शाई. मंगळवारी एक, शुक्रवारी एक. ताट घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुली ती वाचतात आणि मागच्या मुलींसाठी मोठ्याने वाचूनही दाखवतात.

मी अमळनेरला चित्रकला शिकवते. दिवसा शाळा असते. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी या वसतिगृहात जाऊन एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करून घेते. मुली पारोळ्याकडच्या, शिरपूरकडच्या, काही सातपुड्याच्या पायथ्याच्या. पाचवी ते दहावी.

पट्टीची कल्पना माझी नव्हे, या गावाची आहे. साने गुरुजी 1924 ते 1930 इथे प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढायचे. घर सोडून आलेल्या मुलांना रोज आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी लिहिलंय, एवढं कळलं पाहिजे, असं त्यामागे असावं असं मला नेहमी वाटत आलंय. मला लिहिता येत नाही, काढता येतं.

गायक फ्रेडी मर्क्युरी या फलकावर आला तो मात्र बोधचिन्हाच्या वाटेने. संकल्पचित्राचा सराव चालला होता. चिन्हात किती गोष्टी कशा बसवायच्या हे दाखवायला मी मोबाईलवर ‘क्वीन’ या इंग्लिश बँडचं चिन्ह उघडलं. मधे क्यू, क्यूच्या आत मुकुट, दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या, वर पंख पसरलेला फिनिक्स. बँडमधल्या चौघांच्या राशींवरून ते केलेलं आहे. दोघे सिंह, एक कर्क, एक कन्या. मुलींनी विचारलं, हे काढलं कुणी? मी म्हटलं, त्यांच्या गाणाऱ्याने, फ्रेडी मर्क्युरीने. तो लंडनच्या ईलिंग आर्ट कॉलेजात ग्राफिक आर्ट शिकला होता, आणि त्याआधी आपल्या पाचगणीला बोर्डिंगमध्ये होता.

“बोर्डिंग म्हणजे हॉस्टेल ना मॅडम?”

हो, हॉस्टेलच.

ठरवल्या होत्या दहा पट्ट्या. झाल्या तेवीस, आणि चोविसावी टेबलावर आहे. पहिली मी अर्थातच लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरच्या कार्यक्रमाची काढली होती. पांढरी बंडी, दंडावर पट्टा, हातात खालचा पाय नसलेला माईकचा अर्धा दांडा, समोर माणसांचा समुद्र. रांगेतल्या मुलींनी पाहिलं आणि त्या पुढे सरकल्या. चांगला माणूस दिसतोय, कोणीतरी मोठा आहे, बस. दुसऱ्या पट्टीत झांझिबार, 1946, पारशी घर, फारुख बलसारा नावाचं बाळ, वडील इंग्रजांच्या सरकारी नोकरीत रोखपाल. तीही गेली. तिसरीत आठ वर्षांचा मुलगा जहाजाने मुंबईला येतो आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत जातो. 1955 साल.

त्या मंगळवारी रांग थांबली. भाजी वाढणाऱ्या मावशींनी आवाज दिला तरी हलेना. सहावीतली एक मुलगी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, तो पहिली रातले रडना का?”

या प्रश्नासाठी मी माझी सगळी आखणी मोडली. फ्रेडीच्या गोष्टी सांगणारे सहसा पाचगणीला एका वाक्यात उरकतात, आणि आपण मराठी माणसं तेच एक वाक्य अभिमानाने पुढे पाठवतो, की बघा, महाराष्ट्रात शिकलेला. मला त्या अभिमानाचं काही करता आलं नाही. आठ वर्षांचं पोर समुद्र ओलांडून आलं आणि सोळाव्या वर्षापर्यंत बोर्डिंगमध्ये राहिलं. त्याच्या आयुष्याच्या पंचेचाळीस वर्षांतली ही आठ वर्षं. पट्ट्यांच्या हिशेबात ती एका चौकटीत बसवणं मला चुकीचं वाटलं. मी त्यांना नऊ पट्ट्या दिल्या.

पहिल्या रात्रीची पट्टी काढायला दोन आठवडे लागले. रडला असं काढायचं नव्हतं, नाही रडला असंही नाही. शेवटी चारही चौकटींत लोखंडी खाटांची रांग काढली, दर चौकटीत थोडी जास्त लांबून. चेहरे नाहीत, संवादाचे फुगे नाहीत. चौथ्या चौकटीत खिडकी आणि खिडकीत धुकं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, या मुलींनी धुकं पाहिलेलं असतं ते सिनेमात. धुकं काढायचं कसं, हा त्या दिवशीचा धडाच झाला. धुकं काढायचं नसतं, कागद कोरा ठेवायचा असतो. सिल्व्हर ओकची खोडं खालून वर काढत न्यायची आणि मधेच सोडून द्यायची.

चौकटी जोडायच्या कशा, हे मला अजिंठ्याने शिकवलं. सतराव्या लेण्यात विश्वंतराची गोष्ट आहे, घरातून निघालेल्या राजपुत्राची. तिथे रेघ मारून केलेली चौकट नाही. एक खांब येतो, एक दार येतं, आणि त्याच्या पलीकडे तोच राजपुत्र पुढच्या प्रसंगात उभा असतो. मी पाचगणीच्या नऊही पट्ट्यांत शेवटच्या चौकटीची उजवी कड दाराची केली. पुढच्या पट्टीची डावी कड म्हणजे त्याच दाराची दुसरी बाजू. मुलींनी तिसऱ्या पट्टीत ते ओळखलं.

पारशी म्हणजे कोण, हे सांगायला मला लांब जावं लागलं नाही. चाळीसगावचे केकी मूस. स्टेशनजवळच्या त्या घरात आयुष्यातली कितीतरी दशकं काढलेले, क्वचितच बाहेर पडलेले छायाचित्रकार. सहलीत ते घर पाहिलेल्या मुली होत्याच. एकीने त्यांची पंजाब मेलची गोष्टही सांगितली, प्रेयसी त्या गाडीने येईल म्हणून रोज वाट पाहण्याची. मग बलसारा हे आडनाव बलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलं, हे सांगितलं. आमच्या स्टेशनातून सुरतेची गाडी जाते, आणि सुरतेच्या थोडं खाली वलसाड. नकाशावर बोट फिरवून झालं तेव्हा झांझिबार थोडं जवळ आलेलं होतं.

आता दातांबद्दल लिहायलाच हवं.

फ्रेडीच्या तोंडात मागे चार दात जास्तीचे होते. त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. शाळेत पोरं त्याला ‘बकी’ म्हणायची. व्यंगचित्र काढणाऱ्याचा हात अशा ठिकाणी आपोआप वाहवतो. नाक मोठं असेल तर अजून मोठं, दात पुढे असतील तर अजून पुढे, माणूस लगेच ओळखू येतो. माझ्या पेन्सिलच्या पहिल्या कच्च्या चित्रात मी तेच केलं होतं. ते चित्र हातात घेऊन वसतिगृहात गेले, आणि दारातच आठवीतली एक मुलगी भेटली. बोलताना ती ओढणीचं टोक ओठांवर धरते. वर्षभर मी ते पाहत होते आणि ती सवय आहे असं समजत होते.

मी चित्र पिशवीतून काढलंच नाही. घरी येऊन नवीन काढलं. दात आहेत, पण जेवढे होते तेवढेच. पट्टीतला मुलगा पहिल्या चौकटीत वरचा ओठ ताणून दात झाकतो. दुसरीत पियानोशी बसतो. तिसरीत पियानो वाजवतोय आणि ओठ सुटलेत, त्याला भान नाही. चौथीत खूप पुढचा काळ, तोच माणूस मोठा झालेला, डॉक्टरकडे न गेलेला. दात नीट केले तर आवाज बदलेल अशी त्याला भीती वाटायची, म्हणून त्याने ते कधीच काढून घेतले नाहीत, एवढंच खाली लिहिलं.

ती मुलगी फलकासमोर बराच वेळ उभी होती. मग विचारलं, “त्याना दात खरंच आसा व्हतात?” मी मोबाईलवर फोटो दाखवला. तिने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि जेवायला गेली. ओढणी अजूनही ओठांवर असते. एका पट्टीने ती सुटेल असं मला वाटलंही नव्हतं.

शाळेत 1958 मध्ये पाच पोरांनी मिळून एक बँड केला, ‘द हेक्टिक्स’. त्यात फारुख, आता सगळे ज्याला फ्रेडी म्हणू लागलेले, पियानोवर होता. पुढे उभा राहून गाणारा दुसराच मुलगा होता. मुलींना हे पटेना. एवढा मोठा गायक आणि मागे? मला मात्र नऊ पट्ट्यांतली ही सगळ्यात आवडते. चारही चौकटींत पुढचा मुलगा ठळक शाईत आहे आणि फ्रेडी मागे पाणी मिसळलेल्या करड्या शाईत.

पुढची वर्षं मी भरभर काढली. 1964 ची झांझिबारची क्रांती, कुटुंबाचं लंडनजवळ फेल्टमला जाणं, विमानतळावर सामान उचलण्याची नोकरी, केन्सिंग्टन मार्केटमधला जुन्या कपड्यांचा गाळा. 1970 ला ‘क्वीन’ हे नाव, त्याच सुमारास मर्क्युरी हे आडनाव.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’पाशी पुन्हा थांबले. 1975 चं गाणं, पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं, रेडिओसाठी फारच लांब म्हणून नको म्हटलं गेलेलं, आणि मग इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर. मधल्या ऑपेरासारख्या भागात मोठा गायनवृंद गातोय असं वाटतं, पण गाणारे तिघेच होते. फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. एकावर एक आवाज इतक्यांदा चढवले की टेप झिजून तिच्यातून उजेड दिसायला लागला असं सांगतात. याच्यासाठी मी शीट सोडून ट्रेसिंग पेपर घेतला. तेच तीन चेहरे सात कागदांवर काढले आणि एकावर एक चिकटवले. संध्याकाळी फलकावरचा दिवा लागला की मागचे चेहरे पुढे येतात. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच गृहपाल मॅडमही रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

तोवर मी मुलींना त्याचं एकही गाणं ऐकवलं नव्हतं. मुद्दामच. आवाज कागदावर येतो का, हे मला पाहायचं होतं. तोंडातून सुरांची चिन्हं उडताना काढतात तसं काढायचं नाही हे नक्की होतं, कारण त्या चिन्हांतून काहीच ऐकू येत नाही. वाट सापडली ती वहीगायनात. माझ्या माहेरी कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या वेळी वही, म्हणजे देवीची गाणी, म्हणणारे यायचे. पुढचा डफ वाजवत ओळ टाकतो आणि मागची मंडळी ती झेलतात. लहानपणी मी गाणाऱ्याकडे पाहतच नसे, झेलणाऱ्यांकडे पाही. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळायचं की ओळ कशी आली.

वेम्ब्ली पुन्हा काढली. 13 जुलै 1985, लाइव्ह एड, इथिओपियातल्या दुष्काळासाठीचा कार्यक्रम. दुष्काळ म्हटल्यावर आमच्याकडे 1972 आठवतोच, मुलींनीही आजी-आजोबांकडून खडी फोडायची कामं आणि सुकडी ऐकलेली होती, तेव्हा कार्यक्रम कशासाठी होता हे वेगळं सांगावं लागलं नाही. क्वीनला साधारण एकवीस मिनिटं मिळाली होती, समोर बहात्तर हजार माणसं. मधेच फ्रेडी वाद्यं थांबवून नुसता आवाज टाकतो, ‘ए... ओ’, आणि अख्खं मैदान तो परत देतं. पट्टीत मी त्याला पाठमोरा काढला, एकाच चौकटीत. उरलेल्या तीन चौकटींत फक्त हात आणि उघडी तोंडं. आणि एक फुगा, त्याच्या तोंडापासून निघून चौकटींच्या रेघा ओलांडत शेवटपर्यंत गेलेला. आत एकही अक्षर नाही.

शुक्रवारी ती लावली. रांगेत कुजबुज झाली, हे मॅडम लिहायचं विसरल्या का. मग मोबाईलला छोटा स्पीकर जोडून मी तो तुकडा लावला. दुसऱ्या हाकेला पाचवीच्या मुली परत द्यायला लागल्या, चौथ्या हाकेला सगळ्या. मावशी डाव हातात धरून दारात उभ्या होत्या.

शेवटच्या पट्ट्यांबद्दल गृहपाल मॅडमशी आधी बोलले. आजार काय होता हे लपवायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं. 23 नोव्हेंबर 1991 ला त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. या वसतिगृहात आरोग्याच्या तासाला एड्स शिकवतात, तेव्हा शब्द नवा नव्हता. घरातली माणसं काढताना मांजरं काढली आणि जिम हटन काढला, खाली लिहिलं, ‘जोडीदार जिम’. मुलींनी मांजरांची नावं विचारली. डिलायला हे एक सांगितलं, तेव्हापासून अंगणातल्या ठिपक्यांच्या मांजरीला तेच म्हणतात.

तेविसावी पट्टी लागली तेव्हा मला वाटलं, संपलं. केन्सिंग्टनच्या घराचं दार, दाराबाहेर फुलं. पहिल्या रात्रीबद्दल विचारणारीच मुलगी पुन्हा आली.

“त्यानी मायनं काय जायं?” त्याच्या आईचं काय झालं?

जेर बलसारा. मुलगा गेल्यानंतर त्या पंचवीस वर्षं जगल्या. 2016 मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेल्या. तेवीस पट्ट्यांत मी त्यांना एकदाच काढलं होतं, बाळाबरोबर.

चोविसावीच्या तीन चौकटी झाल्या आहेत. पहिलीत आई एका पेटीत घड्या केलेले कपडे ठेवतेय. दुसरीत तीच पेटी मोकळी, फेल्टमच्या घरात, पलंगाखाली. तिसरीत ती म्हातारी झालेली, टीव्हीसमोर, आणि टीव्हीचा उजेड तिच्या चष्म्यावर. चौथी तीनदा पुसलीये, तिथला कागद आता खरखरीत झालाय आणि शाई फुटेल. उद्या नवीन शीट आणून चारही पुन्हा काढायला घेते. मंगळवारपर्यंत व्हायला हवी, मुलींना सांगून ठेवलंय.