सीआरपी चार, आणि पाण्यात जंतूच जंतू

निफाडकडून नाशिकला पाठवलेल्या दीड वर्षाच्या मुलाच्या पाठीतलं पाणी (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं द्रव) आमच्या लॅबच्या टेबलावर आलं, ते जेमतेम धूसर होतं. सोबतच्या चिठ्ठीत: ताप ९९, सीआरपी (दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) ४, म्हणजे नॉर्मल, मेंदूज्वर वाटत नाही, तरी पाहावे. गाळाची ग्रॅम स्लाइड केली तर प्रत्येक फील्डमध्ये भाल्याच्या टोकासारखे जांभळे जंतू, जोडीजोडीने. न्यूमोकोकस, मेंदूज्वर आणणारा जंतू. पू-पेशी मात्र मोजक्या. एवढ्या जंतूंपुढे त्या हजारोंनी दिसायला हव्यात.

अशा वेळी पहिला संशय घ्यायचा तो आपल्याच तपासणीवर. सीआरपीच्या लेटेक्स तपासणीत प्रोझोन नावाची फसगत होते: रक्तात सीआरपी प्रचंड असलं की गुठळी बनतच नाही आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो. म्हणून सीरम १:१० पातळ करून पाहिलं, मग अॅनालायझरवर टर्बिडिमेट्रीने, म्हणजे गढूळपणा मोजूनही. तरी चारच्याच आसपास. नमुना लवकर घेतला असेल, असंही म्हणता येईना. सीआरपी चढायला सहा-आठ तास लागतात आणि शिखर ४८ तासांच्या सुमारास येतं. हे मूल दोन दिवस मलूल होतं.

आपल्याकडे सीआरपीकडे जंतुमापक म्हणून पाहतात, आणि माझी चीड इथेच आहे. सीआरपी जंतू मोजत नाही, शरीराने दिलेला जबाब मोजतं. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीवरच्या टीएलआरला (जंतू ओळखणारा रिसेप्टर) जंतूचा तुकडा लागला की पेशीच्या आतून मायडी८८ हे अॅडॅप्टर प्रथिन त्याला येऊन चिकटतं. ते स्वतः एन्झाइम नाही, काही कापत नाही की फॉस्फेट लावत नाही. फक्त इतरांना एकत्र आणतं. त्याचं एक टोक टीएलआरच्या टीआयआर भागाला धरतं, तर दुसऱ्या टोकाच्या डेथ डोमेन या भागावर इरॅक-४ हे पुढचं प्रथिन येऊन बसतं. २०१० मध्ये या जुळणीची रचना उलगडली: सहा मायडी८८, त्यावर चार इरॅक-४, त्यावर चार इरॅक-२, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे. तिथून निरोप ट्राफ-६ आणि एनएफ-कप्पा-बी या प्रथिनांकडे जातो, मग इंटरल्यूकिन-६ हा संदेशवाहक सुटतो, आणि त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं. मायडी८८ नसेल तर पुढचं सगळं अडतं. ताप तर दुहेरी अडतो, कारण ताप आणणाऱ्या इंटरल्यूकिन-१ चा रिसेप्टरही याच प्रथिनावर चालतो. विषाणू ओळखणारा टीएलआर-३ तेवढा ट्रिफ या वेगळ्या अॅडॅप्टरवर चालतो. त्यामुळे जन्मतः मायडी८८ नसलेली मुलं बहुतेक विषाणूंना पुरून उरतात (कोविड न्यूमोनिया हा अपवाद) आणि न्यूमोकोकस, स्टॅफ ऑरियस, स्यूडोमोनास यांच्यापुढे कोसळतात.

इतिहास कुणी विचारलाच नव्हता. आई-वडील सख्खी आते-मामे भावंडं. आधीचं मूल नवव्या महिन्यात 'अचानक' गेलेलं. आजी म्हणाली, "ह्याची नाळ महिना उलटला तरी पडली नव्हती, डॉक्टर." नाळ उशिरा पडणं ही अशा जन्मजात दोषाची खूण असू शकते. फाइलच्या वीस पानांत नव्हतं एवढं त्या एका वाक्यात होतं.

या दोषाची पडताळणी फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे एकेका पेशीवरची प्रथिनं मोजणाऱ्या यंत्रावर होते. निरोगी न्यूट्रोफिलला (एक पांढरी पेशी) टीएलआरचं उत्तेजक दिलं की तासाभरात तो आपल्या अंगावरचं सीडी६२एल हे प्रथिन झटकून टाकतो. दोष असेल तर ते तसंच राहतं. रक्त हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन ट्यूबमध्येच घ्यायचं. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए धातूंचे आयन बांधून ठेवतं, आणि सीडी६२एल कापणारं एन्झाइम जस्तावर चालतं. बर्फ नको, आमची कलेक्शनची पोरं सवयीने आइस पॅक घालतात, तो काढायला लावला. सोबत असंबंधित निरोगी माणसाचं रक्त, त्याच वेळी काढलेलं, त्याच डब्यात. नाहीतर प्रवासाने बिघडलं की आजाराने, हे कळणार कसं? पंचवटी एक्स्प्रेसने डबा सकाळीच मुंबईला गेला. नुसत्या एलपीएसवर (टीएलआर-४ चं उत्तेजक) निकाल देऊ नका, असं कळवलं होतं, कारण टीएलआर-४ ला मायडी८८ वगळून ट्रॅम-ट्रिफची दुसरी वाटही असते. टीएलआर-२ आणि टीएलआर-७/८ च्या उत्तेजकांना मुलाच्या पेशी ढिम्म. टीएलआरला वगळून पेशीला थेट चेतवणारं पीएमए दिल्यावर मात्र सीडी६२एल लगेच गळालं, म्हणजे कापणारं एन्झाइम शाबूत होतं. ही तपासणी मायडी८८ आणि इरॅक-४ यांत फरक करत नाही. ते जनुक वाचल्यावर ठरलं: मायडी८८, दोन्ही प्रती सदोष.

मूल वाचलं, कारण बालरोगतज्ज्ञांनी सीआरपीची वाट न पाहता सेफ्ट्रिअॅक्सोन आणि व्हँकोमायसिन सुरू केलं होतं. आता रोज कोट्रायमोक्साझोल, न्यूमोकोकसच्या लसी, आणि लहान आहे तोवर इम्युनोग्लोब्युलिन. किशोरवयानंतर धोका बराच उतरतो, तोवर निभावायचं. फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून दिलंय: ताप नसला, सीआरपी कमी असलं तरी ब्लड कल्चर घेऊन लगेच शिरेतून अँटिबायोटिक द्या.

ते वाचून तालुक्याच्या एका डॉक्टरांचा फोन आला: "सीआरपी नॉर्मल असताना अँटिबायोटिक? हा तर गैरवापर झाला." एरवी मी त्यांच्याच बाजूने बोललो असतो. आधीच्या मुलाची कागदपत्रं मागवली होती. त्यात कल्चर नाही. सीआरपी आहे, नॉर्मल, आणि त्याच्याच खाली अँटिबायोटिक बंद केल्याची नोंद.