मिसेस मॅक्नॅब आणि कृष्णामाई

आज एम.ए.च्या वर्गात व्हर्जिनिया वुल्फची १९२७ सालची 'टू द लाइटहाउस' ही कादंबरी शिकवत होते. मधला भाग. घर बरीच वर्षं रिकामं, आत वारा आणि ओल शिरलेली. त्या घरातली आई, मिसेस रॅम्से, गेल्याचं कंसातल्या एका वाक्यात कळतं. तिथं माझा आवाज दर वेळी अडखळतो.

नदीला नि बाईला 'माय' म्हणायचं आणि दोघींकडून नुसतं घेत राहायचं, ही पर्यावरणीय स्त्रीवादाची मांडणी मी समजावत होते. इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण ते घर शेवटी साफ ती मोलकरीण, मिसेस मॅक्नॅबच करते ना? २०१९ च्या पुरात आमच्याकडं आईनंच केलं."

पाणी ओसरल्यावर तिची आई पत्र्याच्या तुकड्यानं भिंतींचा गाळ खरवडत होती. पोत्यातल्या गव्हाला मोड आले होते. घर धुऊन झालं आणि तीच आई कृष्णेची ओटी भरून आली. "रागावली नव्हती?" मी विचारलं. "रागावलेली. तरी गेली."

वुल्फ इतकी वर्षं शिकवतेय, पण त्या मोलकरणीपाशी मी कधी नीट थांबलेच नव्हते. लक्ष सगळं मिसेस रॅम्सेकडं.

घरी जाताना सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर बराच वेळ उभी राहिले. खाली घाटावर एक बाई गोधडी आपटत होती.