सेंट पॉलचा टेम्पो

"एवढं शिकलास, अमेरिकेत गेलास, आणि टेम्पो घेतलास?"

व्हिडिओ कॉलवर आईची पहिली प्रतिक्रिया ही. मी फोन गाडीभोवती फिरवून कौतुकाने दाखवत होतो. बाबा मागून डोकावले आणि कोल्हापूरच्या माणसाने विचारावा तो एकच प्रश्न त्यांनी विचारला, "ॲव्हरेज किती देते?"

लिटरला दहाच्या आसपास, असं मी सांगितलं. बाबांनी मान हलवली. जुन्या गाडीला वाईट नाही, एवढं त्या मान हलवण्यात होतं. आईचा टेम्पो मात्र तेव्हापासून कायम झाला. आता घरात आम्हीही टेम्पोच म्हणतो.

टेम्पो म्हणजे १९९७ ची फोर्ड रेंजर. दोन माणसांची केबिन, मागे सहा फुटी हौदा, चार सिलिंडरचं २.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, ताकद ११२ हॉर्सपॉवर. खिडक्या हाताने फिरवायच्या. १ लाख ६२ हजार मैल पळालेली गाडी २,२०० डॉलरला मिळाली. इथे मिनेसोटात घर घेतलं की माती, लाकूड, जुनं फर्निचर, तोडलेल्या फांद्या हे सगळं दर शनिवारी कुठून तरी कुठे तरी न्यायचं असतं. दर वेळी गाडी भाड्याने आणायचा कंटाळा आला, एवढंच कारण.

आज अमेरिकेतल्या रस्त्यावर जे पिकअप दिसतात त्यांच्या शेजारी ही उभी राहिली की हत्तीशेजारी छोटा हत्ती. माझी लांबीला पावणेपाच मीटरपेक्षा थोडी कमी, आणि त्याच कंपनीचा मोठा ट्रक सव्वापाच मीटरच्या पुढेच सुरू होतो. शिवाय माझ्या हौद्यात जमिनीवर उभं राहून हात घालता येतो. नव्या ट्रकांच्या हौद्यात पडलेला पाना काढायला चढून आत जावं लागतं.

या छोट्या ट्रकांच्या गोष्टीत एक कोंबडीही आहे. साठच्या दशकात युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर वाढवला. अमेरिकेने उत्तरादाखल बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के कर लावला, तो १९६४ पासून लागू झाला. बाकीचे कर पुढे उठले, ट्रकांवरचा राहिला. त्याला 'चिकन टॅक्स' म्हणतात. जपानी कंपन्यांनी मग शक्कल लढवली. हौदा न लावता नुसती केबिन आणि चासी आणायची, त्यावर ४ टक्केच कर, आणि हौदा इथे आल्यावर बसवायचा. रेंजरच्या आधी फोर्ड जो छोटा पिकअप विकायची, तो कुरिअर, मूळचा जपानच्या माझ्दा कंपनीचाच होता आणि असाच यायचा. १९८० मध्ये ती पळवाट बंद झाली. १९८३ च्या मॉडेलपासून फोर्डने स्वतःची रेंजर आणली, अमेरिकेत बनवलेली. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे जकात नाका चुकवायचा. त्यात काय नवीन?"

गाडी आणली त्या संध्याकाळी शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. सत्तरी कधीच ओलांडलेली, टोपी कायम डोक्यावर. गाडीकडे बघून त्यांनी ना किंमत विचारली ना मैल. म्हणाले, "पुढच्या काचेखालचा नंबर बघ. अकरावं अक्षर कोणतं आहे?"

मी वाकून वाचलं. "पी."

"मग इथलीच. यू असतं तर केंटकीची. टी असतं तर न्यू जर्सीची."

इथली म्हणजे माझ्या दारापासून चार मैलांवरची. सेंट पॉलमध्ये मिसिसिपीच्या काठावर फोर्डचा कारखाना होता, १९२५ मध्ये सुरू झालेला. नदीवरच्या धरणातून त्याला स्वतःची वीज होती. एवढंच नाही, कारखान्याच्या खालचा खडक वाळूचा, म्हणून जमिनीखाली बोगदे खणून ती वाळू काढायचे आणि तिच्यापासून गाड्यांच्या काचा करायचे. शेवटची रेंजर तिथून डिसेंबर २०११ मध्ये बाहेर पडली, आणि कारखाना बंद झाला. आजोबांनी तिथे तीस वर्षं काढली. सत्त्याण्णव साली ते दरवाजे बसवायच्या लाइनवर रात्रपाळीला होते.

"म्हणजे हे दरवाजे तुम्ही बसवले?"

"दिवसपाळीचीही असेल," ते म्हणाले. मग ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडून हळूच लावून पाहिला, बिजागरी खालून चाचपली आणि पुढे बोलले, "नाही. दिवसपाळीचीच."

गाडीचा खरा शत्रू मात्र मैल नाहीत. मीठ आहे. आपल्याकडे रत्नागिरीच्या बाजूला एसटीच्या पत्र्याचं खाऱ्या हवेने काय होतं ते आपण पाहतो. इथे समुद्र दीड-दोन हजार किलोमीटर लांब आहे आणि मीठ माणसं हाताने आणून टाकतात. बर्फ वितळावा म्हणून मिनियापोलिस-सेंट पॉलच्या परिसरात हिवाळ्यात साडेतीन लाख टनांच्या घरात मीठ रस्त्यांवर पडतं. गंमत अशी की पारा उणे नऊ-दहाच्या खाली गेला की साध्या मिठाने बर्फ वितळेनासा होतो. पण गाडीच्या पोटाला चिकटलेलं ते पाणी उन्हाळा येईपर्यंत आपलं काम करत राहतं.

आणि हे बघायला कोणी येतही नाही. महाराष्ट्रात पंधरा वर्षांच्या गाडीला आरटीओत नेऊन फिटनेस काढा, पर्यावरण कर भरा, पीयूसी तर आहेच. मिनेसोटात वार्षिक तपासणी असा प्रकारच नाही. विकणाऱ्याने मालकीच्या कागदावर सही केली, मी कार्यालयात फी भरली, संपलं. खालून फ्रेम तुटायला आलेली असली तरी ती तुमची आणि देवाची बाब.

मला ते कळलं मार्चमध्ये. मागे डाव्या बाजूला, खड्डा आला की, कोणी पातेलं आपटावं तसा आवाज यायचा. गॅरेजमध्ये नेली. त्यांनी गाडी वर उचलली, मला खाली बोलावलं आणि बॅटरी मारून दाखवली. मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ज्या शॅकलने, म्हणजे लोखंडी दुव्याने, गाडीच्या फ्रेमला टांगलेले असतात त्या शॅकलचं लोखंड खारी बिस्किटासारखं झालं होतं. थरावर थर सुटलेले. बोटाने दाबलं तर चक्क तुकडा हातात आला. दोन्ही बाजूंचे १,४०० डॉलर होतील, असं सांगून वर त्यांनी सल्लाही दिला की या गाडीत आता पैसे घालू नका.

सुट्या भागांचा सेट बघितला तर दीडशे डॉलरच्या आत. बाकीची सगळी मजुरी. आमच्या उद्यमनगरात एखाद्या मिस्त्रीने दुपारच्या चहाच्या आत करून दिलं असतं, आणि मी शेजारी स्टुलावर बसून पेपर वाचला असता. आपल्या घरांत पोरगं इंजिनिअर झालं म्हणजे त्याच्या हाताला ग्रीस लागायला नको, असा एक अलिखित करार असतो. मी मेकॅनिकलची पदवी घेतली आहे. खऱ्या गाडीचा नट आयुष्यात पहिल्यांदा फिरवला तो वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, यूट्यूब लावून.

आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "हौदा काढ. खाली झोपून करशील तर दोन दिवस रडशील. हौदा काढलास तर एकच दिवस रडशील."

हौदा फ्रेमला सहा बोल्टांनी बांधलेला असतो, आतल्या बाजूने, चांदणीच्या आकाराचं तोंड असलेले मोठे टॉर्क्स बोल्ट. तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी त्यांवर गंज सोडवायचं तेल मारत होतो. तोंडात माती भरलेली, ती दाभणाने कोरून काढली, कारण पाना अर्धवट बसला की तोंड गोल होतं आणि मग बसा. चार बोल्ट सुटले. एक कुरकुरत सुटला. सहावा सुटेना. त्याचं डोकं ग्राइंडरने उडवलं. पेट्रोल भरायच्या नळीचे स्क्रू काढले, मागच्या दिव्यांच्या वायरी सोडल्या.

इथल्या मराठी मंडळातली चार जणं आली होती. मंडळाचे ढोल दर गणपतीत माझ्याच हौद्यातून जातात, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. बायकोने बटाटेवड्यांचा घाणा काढला. चार कोपरे चौघांनी धरले, मी मध्ये, कोणीतरी सवयीने "गणपती बाप्पा" म्हणालं आणि "मोरया"ला हौदा वर. मागच्या अंगणात ओंडक्यांवर नेऊन ठेवला. आजोबा हे सगळं कुंपणावर कोपर टेकून बघत होते. हातात वडा होता. तिखट लागला होता, पण ते कबूल करायला तयार नव्हते.

खरं काम पुढे होतं. शॅकल ज्या कंसात बसतो तो कंस फ्रेमला बोल्टने नाही, रिव्हेटने ठोकलेला. रिव्हेट पान्याने सुटत नाही. आधी ग्राइंडरने त्याचं डोकं सपाट करायचं, मग मधोमध ड्रिलने भोक पाडायचं म्हणजे आतला ताण सैल होतो, मग पंच ठेवून हातोडा. पेट्रोलची टाकी पुढच्या अंगाला, म्हणून तिच्यावर ओलं जुनं ब्लँकेट आणि बाजूला पाण्याचा पाइप. पहिल्या रिव्हेटला पन्नास मिनिटं लागली. ठोके मारून मारून मनगट बधिर झालं आणि तो टक्क करून पलीकडे पडला तेव्हा मी एकटाच ओरडलो. शेवटच्याला दहा मिनिटं पुरली.

आजोबांना विचारलं, हे इतके घट्ट कोणी मारले? ते म्हणाले, "आमच्याकडे नाही. फ्रेम बाहेरून तयार होऊन यायच्या. आम्हाला शिव्या घालू नकोस."

मधे एक फजिती झाली. पाट्याच्या डोळ्यातून जाणारा बोल्ट आतल्या नळीला गंजाने असा धरला होता की पाना फिरवला की रबरासकट सगळं फिरायचं. एक तास तेल, हातोडी, गॅसची शेगडी. शेवटी करवत घेऊन दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. जळक्या रबराचा वास दोन दिवस केसांतून गेला नाही. ती बाजूही डावीच. सगळे घोटाळे डावीकडे का, ते कोणी सांगू शकलं नाही.

नवे कंस रिव्हेटच्या जागी जाड बोल्टांनी बसवले, फ्रेमची भोकं घासून रंगवली. शॅकलचे बोल्ट मी जोर लावून आवळायला निघालो तेव्हा आजोबा त्या दिवशी पहिल्यांदा कुंपण ओलांडून आत आले. "आता नाही. गाडी चाकांवर उभी राहू दे. मग आवळ." गाडी जॅकवर असताना पाटे लोंबकळत असतात. तसेच बोल्ट आवळले तर आतलं रबर त्या स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली बसली की कायम पिळलेलं राहतं, वर्षभरात फाटतं. यूट्यूबवाल्याने हे सांगितलं नव्हतं. किंवा त्याने सांगितलं असेल आणि मी तेवढ्यात पुढे ढकललं असेल.

मग त्या सुट्टीत हात चालू होता म्हणून प्लगही बदलले. चार सिलिंडरच्या या इंजिनाला प्लग आठ आहेत. मी चारच आणले होते. दर सिलिंडरला दोन, पेट्रोल नीट जळून धूर स्वच्छ राहावा म्हणून. एका बाजूचे चार दिसतात, दुसऱ्या बाजूचे चार इनटेकच्या नळ्यांखाली दडलेले, तिथे मनगटाला तीन सांधे असते तर बरं झालं असतं. दुकानात दुसरा फेरा मारला.

हौदा परत चढवला त्या रविवारी आजोबा म्हणाले, चल, मला बागेसाठी लाकडाचा भुसा आणायचाय. त्यांची गाडी वर्षभरापूर्वी मुलीने काढून घेतली आहे. ते शेजारी बसले. पट्टा लावला. दरवाजा लावताना पुन्हा आवाज ऐकला.

फोर्ड पार्कवेवरून मुद्दाम जाऊ, असं त्यांनीच सांगितलं. कारखान्याच्या जागी आता हायलँड ब्रिज नावाची वस्ती आहे. नवी अपार्टमेंट, दुकानं, मधून खेळवलेलं पाणी, सायकलवरची पोरं. धरणावर वीज मात्र अजूनही तयार होते. आजोबा काचेवर बोट टेकवून दाखवत होते. इथे रंगाचा विभाग. इथून कामगारांचं फाटक. ते झाड आहे ना, साधारण तिथे आमची लाइन. झाड होतं ते एका योगा स्टुडिओच्या दारात. मी गाडी हळू केली, सिग्नल लाल झाला. खड्डा आला तर पाट्यांचा आवाज नाही. मी खूश होऊन त्यांच्याकडे पाहिलं, की आता पाठीवर थाप पडेल.

ते माझ्या पायांकडे बघत होते.

"क्लचवरचा पाय काढ," ते म्हणाले. "तोही हौदा काढून बदलणार आहेस का?"