भाड्याच्या गाडीने कास-बामणोली: काळ्या पाटीसाठी पावणेचार तास

लिहायचंय खरं तर साताऱ्याच्या घाटांबद्दल, पण आधी नंबर प्लेटबद्दल लिहिते. महिना होत आला तरी तो राग अजून गेलेला नाही.

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बामणोलीला न्यायचं होतं. त्यांचं माहेर जावळीच्या खोऱ्यातलं. कोयना धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. गाव उठलं, घरचे सगळे रायगडात गेले. आता त्या बहात्तरच्या आहेत आणि त्यानंतर एकदाही तिकडे गेलेल्या नाहीत. आमची गाडी जुनी, घाटात तापते. म्हणून पुण्यातल्या एका सेल्फ ड्राइव्हवाल्याकडून दोन दिवसांसाठी मोठी गाडी ठरवली. सप्टेंबरचा शेवट, गुरुवार-शुक्रवार. मी, आई आणि माझी लेक. कासच्या फुलांच्या पठाराचा सकाळचा पास ऑनलाइन काढलेला होता. पासवर वेळ ठरलेली असते, म्हणून गाडी पहाटे साडेपाचला मागितली होती. पाच हजार डिपॉझिट आधीच भरलेलं.

साडेपाचला आम्ही हायवेलगतच्या त्यांच्या यार्डात हजर. गाडी आली सहाला, आणि पाटी पांढरी.

भाड्याने स्वतः चालवायला देतात त्या गाडीची पाटी काळी असते आणि आकडे पिवळे. टॅक्सीची पिवळी, त्यावर काळे आकडे. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी घरची गाडी. ती भाड्याने देणं नियमात बसत नाही. पोलिसांनी अडवलं तर एक वेळ दंडावर भागेल, पण घाटात काही झालं तर विमा कंपनी सरळ हात वर करू शकते, कारण विमा खासगी वापराचा असतो. बुकिंगमध्ये मला स्पष्ट ‘कमर्शियल’ लिहून मिळालं होतं, ते मी दाखवलं.

तो मुलगा म्हणाला, “मॅडम, काही होत नाही हो. रोज जातात गाड्या. कोणी विचारलंच तर मावसभावाची आहे म्हणून सांगा.”

मी म्हटलं, “मागे माझ्या सासूबाई बसणार आहेत. मी खोटं बोलणार नाही आणि ही गाडीही नेणार नाही. काळ्या पाटीची द्या.”

मग त्याने मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, काळी पाटीवाली नगरला गेलीय, येईल दोन तासांत. मी पैसे परत मागितले, तर म्हणे आयत्या वेळी रद्द केलं की डिपॉझिट अडकतं. मी रद्द करत नव्हते, जे ठरलं ते मागत होते! हे वाक्य मी त्या सकाळी किमान दहा वेळा बोलले असेन. सात वाजले, आठ वाजले. आई यार्डातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. पिशवीत नारळ आणि हळद-कुंकू होतं, पाण्याची ओटी भरायला. एकदा त्या हळूच म्हणाल्या, “अगं, घे जाऊ दे तीच. मी काय, कशातही बसते.” त्या एका वाक्याने मी विरघळणार होते. नाही विरघळले, ते बरं झालं.

सव्वाआठला त्याच मुलाने दुसरी गाडी आणली, काळी पाटी, पिवळे आकडे. नगरहून नव्हे, मागच्याच गल्लीतून! एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून बघितलं: नोंदणी बरोबर, विमाही चालू. पण टाकी जवळजवळ रिकामी आणि फास्टॅगमध्ये पैसे नाहीत. पुन्हा रिचार्ज, पुन्हा फोन. मग मी गाडीभोवती फिरून व्हिडिओ घेतला. प्रत्येक दार, चारी चाकं, काच, डिकीतली स्टेपनी, जॅक, डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा, सगळं आवाजात बोलत बोलत. तो मुलगा बाजूला उभा राहून घड्याळ बघत होता. बघू दे. मागच्या बंपरवर जुना ओरखडा होता, तोही व्हिडिओत आला. पुढे डिपॉझिटमधून दोन हजार त्याच ओरखड्यासाठी कापले होते, तेव्हा हा व्हिडिओच पाठवला आणि पूर्ण पाच हजार परत आले. एकोणीस दिवसांनी, पण आले. त्यामुळे व्हिडिओ कितीही घाई असली तरी घ्याच.

निघालो तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. खंबाटकी ओलांडून साताऱ्यात पोचेपर्यंत कासच्या पासची वेळ संपत आलेली. तो पास वाया गेला. कामाचा दिवस होता म्हणून शुक्रवार सकाळचा नवा पास मिळाला. शनिवार-रविवार असता तर तोही मिळाला नसता. रोज किती माणसं सोडायची याला तिथे मर्यादा आहे आणि ती असायलाच हवी. फुलांच्या दिवसांत जायचं असेल तर मधला वारच धरा.

मग पहिला दिवस ठोसेघरला दिला. सज्जनगडाच्या पायथ्यावरून रस्ता वर चढतो आणि खाली उरमोडीचं पाणी दिसत राहतं. धबधबा समोरच्या सज्ज्यातून बघायचा असतो. आईंना तिथल्या पायऱ्या जमल्या, सावकाश. पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या. तिथे वारा इतका की लेकीची ओढणी गाडीच्या दारात अडकली.

शुक्रवारी सहालाच यवतेश्वरचा घाट चढायला घेतला. साताऱ्यातच टाकी भरून घेतली होती, वर पंपाच्या भरवशावर राहू नका. वळणावर हॉर्न द्या, चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा, नुसता ब्रेक दाबत बसू नका. धुकं असलं तर हेडलाइट लो बीमवर ठेवा. हाय बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते.

कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. पार्किंग अलीकडे आहे, तिथून पुढे बसने नेतात. २०१२मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात गेल्या, त्यांत हे पठार आहे. कातळावर मातीचा थर जेमतेम, म्हणून मोठं झाड उभंच राहत नाही, सगळं वीतभर उंचीचं. गुलाबी तेरडा लांबून दिसतो, पण कासला खरं बघायचं ते वाकून. आई एका दगडाशी उकिडव्या बसल्या आणि मला हाक मारली. कातळाच्या ओल्या खाचेत दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती होती, रुपयाएवढी. तांबूस पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात मुंगीहून बारीक माशी अडकलेली, पाय हलत होते. शेजारीच सीतेची आसवं, निळी-जांभळी फुलं. आई म्हणाल्या, “ही आम्ही देवाला वाहायचो.” एवढ्या वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

पठारावर थांबताना पाऊल मळलेल्या वाटेवरच ठेवा. कृपा करून! फोटोसाठी फुलांत जाऊन बसणारी माणसं बघितली की जीव जळतो.

पुढे साताऱ्याला पाणी देणारा कास तलाव, आणि मग रस्ता खाली बामणोलीकडे उतरतो. इथून मोबाइलची रेंज जात-येत राहते, नकाशा आधीच उतरवून घ्या. एका टपरीवर पिठलं, भाकरी आणि खर्डा खाल्ला. रोख पैसे होते म्हणून बरं.

बामणोलीला शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी काठोकाठ होतं. वासोट्याच्या बोटी इथूनच सुटतात, पण पावसाळ्यात किल्ला बंद असतो. ज्यांना चढायचंय त्यांनी पाऊस संपल्यावर यावं. ओळखपत्र लागतं, जंगल खात्याची परवानगी लागते, मुक्काम चालत नाही.

आई पाण्याशी गेल्या, ओटी भरली. नावाड्याला त्यांनी गावाचं नाव सांगितलं. त्याने हात लांब करून एक दिशा दाखवली आणि म्हणाला, “आजी, आत्ता काय दिसायचं नाही. मे महिन्यात या, पाणी उतरतं, तेव्हा तिकडची जमीन उघडी पडते.”

मेसाठी गाडी ठरवली आहे, दुसऱ्या माणसाकडून. पैसे भरण्याआधी त्याच्याकडून पाटीचा फोटो मागवून घेतला.