दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर

माझी पाळी एकावन्नाव्या वर्षी थांबली. त्यानंतर चार वर्षांनी घरातच ओल्या फरशीवर पाय सरकला, हात टेकला आणि मनगट मोडलं. तीन वर्षं न चुकता कॅल्शियम घेत होते, त्यामुळे हाडांची काळजी मिटली असंच मी धरून चालले होते.

प्लॅस्टर निघाल्यावर डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करायला सांगितली. दहा-पंधरा मिनिटं निजून राहायचं, दुखत काही नाही. मणक्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.३ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) म्हणतात, म्हणजे मी काठावरच. रक्तातलं ड जीवनसत्त्व १४, निदान २० तरी हवं होतं. आणि टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) ९, म्हणजे जास्तच! थायरॉईडची गोळी तर मी एक दिवसही चुकवलेली नव्हती.

डॉक्टरांनी कुठली गोळी किती वाजता घेते ते विचारलं. उठल्यावर थायरॉईडची, अर्ध्या तासाने नाश्त्यासोबत कॅल्शियम. घोळ तिथेच होता. कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला पोटातच अडवून धरतं, ती रक्तात नीट उतरत नाही. दोन्हींत किमान चार तास हवेत. तीन वर्षांत हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

मग तीन दिवस खाल्लं-प्यायलेलं सगळं लिहून काढलं. आहारातूनच साधारण ७०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळत होतं. पन्नाशीनंतर बाईला दिवसाला १,२०० पुरतं, आणि मी वरून १,००० घेत होते! (वेष्टणावर १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असेल, तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. हा आकडा नीट वाचा.) जास्तीचं कॅल्शियम हाडात जाऊन बसत नाही. अमेरिकेत ३६,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅल्शियम आणि ड घेणाऱ्या गटात मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. आता मी एकच गोळी घेते, तीही दुपारच्या जेवणात, कारण कार्बोनेट पचायला पोटातलं आम्ल लागतं.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे. घेतली की कॅलेंडरवर खूण करायचे. ही चुकून रोज घेतली गेली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

खरी कुरकुर केली ती हाडांच्या औषधाला. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, शिवाय माझं मनगट, म्हणून डॉक्टरांनी ॲलेंड्रोनेट सुचवलं. "कॅल्शियम घेतेय ना मी?" तर म्हणाले, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरतं, हाड पोखरणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो, कॅल्शियमने तो परत लागत नाही. हे पटलं. आधी ड भरून काढलं, मगच औषध सुरू केलं: आठवड्यातून एक सकाळ, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

तीन महिन्यांनी ड ३३ झालं. थायरॉईडचा डोस न वाढवता टीएसएच ताळ्यावर आलं. पुढची डेक्सा दोन वर्षांनी, त्याच यंत्रावर. यंत्र बदललं की आकडे ताडून बघता येत नाहीत.

परवा धाकट्या बहिणीला फोन केला. तिलाही थायरॉईड आहे, पाळी गेल्या वर्षी गेली. कॅल्शियम कधी घेतेस, विचारलं.

"सकाळीच गं ताई, थायरॉईडच्या गोळीनंतर लगेच. म्हणजे विसरायला होत नाही."